फोरमनला विचारा : कॅम्परच्या पोटाखालची बाथरूमची नळी

प्रश्न : नमस्कार फोरमनसाहेब. मी ऐरोलीला राहते, वय ५९, बँकेतून निवृत्त. आमची २००९ची डिझेल व्हॅन आहे, मूळची बारा सीटची. २०१८ साली एका वर्कशॉपकडून तिची कॅम्पर करून घेतली. पलंग, ओटा, बेसिन, सगळं. तेव्हा स्पितीला जायचं खूळ डोक्यात होतं, म्हणून पलंगाखाली एक हीटर आणि आंघोळीच्या पाण्याची २० लिटरची टाकी बसवली. दोन्ही इंजिनच्या गरम कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या पाण्यावर चालतात. त्यासाठी इंजिनपासून मागे दोन नळ्या गाडीच्या पोटाखालून नेल्या आहेत. गाडी मी चालवते, स्वयंपाक आमचे हे करतात.

दिवाळीत नाशिकला जाताना कसारा घाटात तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला. घरी आल्यावर पार्किंगमध्ये सरकत्या दाराच्या पायरीखाली हिरवे थेंब दिसले. तेव्हापासून दर दोनशे किलोमीटरला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, आजवर आठ वेळा घातलं. मेकॅनिक म्हणाला, जुनी गाडी आहे, पाणी घालत राहा. सोसायटीचा प्लंबर वाकून बघून म्हणाला, "मॅडम, ही तर आपली बाथरूमची नळी." त्याने सोल्युशन लावून वर एम-सील थापलं, ते तीन आठवडे टिकलं. एसीवाला म्हणतो तांब्याची टाका. भाचा जर्मनीत असतो, त्याच्याकडे १९८७ची फोक्सवॅगन टी-थ्री कॅम्पर आहे. तो म्हणतो, "मावशी, माझ्या गाडीला कंपनीनेच प्लास्टिकच्या नळ्या दिल्यात, प्लास्टिकला नावं ठेवू नकोस." आता कोणाचं ऐकू? फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, चौघांत खरं बोलला तो प्लंबर. फक्त पुढच्याच मिनिटाला तो स्वतःचं बोलणं विसरला आणि बाथरूमचाच इलाज करून गेला.

तुमच्या तिसऱ्या फोटोत नळीवर छापलेली अक्षरं स्वच्छ वाचता येतात. सीपीव्हीसी, एसडीआर ११ (हे जाडीचं माप). घरातल्या गरम पाण्याच्या लाइनला जी क्रीम रंगाची नळी वापरतात, तीच ही. नळीत खोट काही नाही, माझ्या कळव्याच्या घरात हीच आहे आणि मी गेल्यावरही ती भिंतीत असेल. पण गीझरचं पाणी साठ-पासष्ट अंशांवर थांबतं आणि भिंत कधी खड्ड्यातून जात नाही. या नळीची दाब सोसायची ताकद ८२ अंशांना गार असतानाच्या चौथाईवर येते आणि ९३ अंश ही तिची वरची हद्द. आता तुमचं इंजिन बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडते तीच ऐंशीच्या पुढे. सपाट रस्त्यावर कूलंट नव्वदीत खेळतं आणि कसाऱ्यात मागे पलंग, भांडी, पाण्याची टाकी घेऊन चढताना शंभर ओलांडतं. ओलांडूनही उकळत नाही, कारण रेडिएटरच्या कॅपने आत दाब धरून ठेवलेला असतो. कॅपवर ०.९ असं छापलं असेल तर त्या दाबाला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे नळीची हद्द जिथे संपते, तिथून इंजिनचा घाट सुरू होतो.

यात आणखी एक भानगड आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. सीपीव्हीसी तापली की भरपूर लांबते. तुमची एकेक नळी साधारण तीन मीटरची. सकाळी तीस अंश, तासाभराने नव्वद. एवढ्यात ती बारा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बोटाच्या रुंदीइतकी लांबते. स्टेनलेस स्टीलची नळी याच हिशेबात तीन मिलिमीटर वाढली असती. तुमच्या वर्कशॉपवाल्याने ती दर दीड फुटाला चेसिसशी पत्र्याच्या पट्टीने आवळून टाकली आहे. मग वाढलेली लांबी जाणार कुठे? शेवटच्या आट्यावर. पाचव्या फोटोत टाकीपाशी पितळेचा निपल प्लास्टिकच्या आट्यात फिरवला आहे, त्यावर टेफ्लॉनचे पंधरा वेढे असावेत. पितळ एका मापाने फुगतं, प्लास्टिक दुसऱ्या, आणि टेप पाचरीसारखी आतून रेटत राहते. तिथे जी हिरवट-पांढरी खपली दिसते ना, ती नखाने काढून टाका आणि बॅटरी आडवी धरून बघा. केसाएवढी रेघ दिसेल, आट्याच्या तोंडापासून नळीच्या दिशेने गेलेली. गार असताना ती मिटलेली असते. म्हणूनच ती तुमच्या प्लंबरला दिसली नसावी. त्यावर एम-सील लावणं म्हणजे बंद दारावर रंग मारणं. चीर आत वाढत राहते आणि एम-सील एक दिवस टोपीसारखं निघून हातात येतं.

मग थेंब पायरीखाली कसे, गळती तर टाकीपाशी? तुमची गाडी पार्किंगमध्ये किंचित पुढे कललेली उभी असते, दुसऱ्या फोटोत फरशीवरून कळतं. पाणी नळीच्या पोटावरून सरपटत पुढे येतं आणि पहिली पट्टी लागली की तिथे टपकतं. जिथे टपकतं तिथे गळतं असं समजून निम्म्या गाड्यांचे चांगले जोड उगाच उघडले जातात.

भाच्याच्या गाडीबद्दल

भाचा खोटं बोलत नाही. टी-थ्री ही अजब मांडणीची गाडी आहे. १९७९ला ती आली तेव्हा तिची इंजिनं हवेवर थंड होणारी होती. पुढे पाण्याची इंजिनं आली, पण इंजिन मागेच राहिलं आणि रेडिएटर मात्र तोंडाशी, जाळीच्या मागे बसवला. त्यामुळे कूलंटला गाडीची सगळी लांबी पोटाखालून जावं लागतं आणि तसंच परत यावं लागतं. त्यासाठी कंपनीने इंजिनच्या उष्णतेसाठी म्हणूनच बनवलेल्या प्लास्टिकच्या जाड नळ्या दिल्या. त्या वर्षानुवर्षं चालल्या. पण त्याही गेल्या की टोकाला जातात. होजची, म्हणजे रबरी नळीची, क्लिप आवळून प्लास्टिक चेपू नये म्हणून टोकात आतून धातूची बाही असते, ती गंजून फुगते किंवा सैल होते आणि जोड झिरपायला लागतो. एरवी नळी ठणठणीत, टोकं म्हातारी. तिकडचे बरेच मालक शेवटी स्टेनलेसच्या नळ्या घालून मोकळे होतात. तेव्हा भाच्याला माझा निरोप द्या. दर सर्व्हिसिंगला गाडीखाली झोपून चारही टोकांवरून बोट फिरवत जा, बोटाला हिरवं किंवा गुलाबी लागलं की पैसे बाजूला काढायला लाग.

आज काय करायचं

नवी नळी मिळेपर्यंत गाडी उभी ठेवायची गरज नाही. मागची लाइन तोडा. फोटोत दिसतंय की पुढच्या हीटरच्या दोन होज कापून त्यात प्लास्टिकचे टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, घातले आहेत आणि मागची लाइन त्यातून निघते. हे टी काढून टाका आणि त्या दोन होज नव्या, अखंड घ्या. होज बदलायच्या म्हणजे हातभर लांबीचं काम, तासाभरात होतं. पुढचा हीटर कंपनीने दिला तसा चालू राहील, इंजिनला मागे काही होतं याची आठवणही राहणार नाही. रस्त्यात असाल आणि होज मिळत नसेल तर टीच्या मोकळ्या तोंडावर होजचा तुकडा चढवून त्यात गुळगुळीत गोल सळईचा तुकडा घाला, वर क्लिप. आपल्याकडे सर्रास बोल्ट ठोकतात. बोल्टचे आटे रबराला आतून कापतात आणि दोनशे किलोमीटरनंतर तुम्ही पुन्हा तिथेच.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. किमान दोन तास, आणि कॅपवर हात ठेवून बघितल्याशिवाय नाही. माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नवा होतो, ड्रायव्हर खोळंबले होते, घाई केली. कॅप अर्धी फिरल्यावर पुढचं मला आठवत नाही, आठवतं ते थेट बर्फाचं घमेलं.

कायमचं काम

मला विचाराल तर सरळ जाणारा भाग स्टेनलेसचा, आणि दोन्ही टोकांना व वळणांना रबराची होज. इंजिन हलतं, चेसिस पिळतं, टाकी तिसरीकडे बसलेली. या तिघांमध्ये काहीतरी लवचीक हवंच. इंजिनकडच्या टोकाला किमान फूटभर होज, थोडी ढिली, ताणलेली नको.

तुमच्या हीटरच्या निपलचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. बहुधा सोळा मिलिमीटर निघेल, पण माझ्या 'बहुधा'वर नळी कापू नका. त्याच मापाची ३०४ ग्रेडची स्टेनलेस नळी घ्या, जाडी एक ते सव्वा मिलिमीटर. दोन नळ्यांसाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊ नका, तिथे टनाची भाषा चालते. जिन्याचे, गॅलरीचे स्टीलचे कठडे करणारा कोणताही फॅब्रिकेटर बघा. त्याच्याकडे नळी वाकवायचं यंत्र असतं आणि आर्गन वेल्डिंगही. स्टेनलेस गुडघ्यावर वाकवायला जाल तर ती चेपते, आणि चेपलेल्या जागी कूलंट अडतं.

आता खरी गोष्ट, जी शंभरातले नव्वद जण सोडून देतात. नळीचं टोक गुळगुळीत ठेवायचं नाही. टोकापासून पाच-सात मिलिमीटर आत चहूबाजूंनी एक बारीक गोल उंचवटा हवा, अंगठीसारखा. होज त्यावरून ओढून घ्यायची आणि क्लिप उंचवट्याच्या पलीकडे, नळीच्या अंगाच्या बाजूला आवळायची. दाब आला की होज मागे सरकू बघते, पण उंचवटा तिला सोडत नाही. गुळगुळीत टोकावर तुम्ही क्लिप कितीही आवळा, कधीतरी भर घाटात ती होज टोपणासारखी उडते आणि सगळं कूलंट अर्ध्या मिनिटात रस्त्यावर. तुमच्या शेजारी रबाळे एमआयडीसीत लेथवाले रग्गड आहेत. त्यांना कंपनीच्या हीटरचा निपल दाखवा आणि सांगा, "असंच टोक पाहिजे." काही जण आर्गनने वेल्डची एक गोल रेघ ओढून घासून देतात, तेही चालतं. फक्त बोट फिरवून बघा, धार राहिली तर तीच होज कापेल.

हे जमवणारा माणूस मिळाला नाही तर दुसरा रस्ता आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. इंजिनपासून टाकीपर्यंत अखंड हीटर होज. होजवर ईपीडीएम, म्हणजे गरम कूलंट सोसणाऱ्या रबराचं नाव, लिहिलेलं हवं. मध्ये एकही जोड नाही, म्हणजे गळायला दोनच जागा, दोन टोकं. दर फूटभरावर आधार द्यावा लागेल, नाहीतर झोळ पडतो, आणि दगड उडतात तिथे वरून दुसऱ्या जाड होजचं कवच चढवावं लागेल. सात-आठ वर्षांनी बदलायची, तारीख दारावर लिहून ठेवा. बागेची होज, डिझेलची होज, गॅसची होज, "दिसायला सेम आहे" असं म्हणून कोणी देईल ती घेऊ नका.

एसीवाल्याचं तांबं नको. एसीत ते शोभतं, पण गाडीच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि पट्टीच्या काठाशी तडकतं. शिवाय इंजिनचं हेड, रेडिएटर यांत ॲल्युमिनियम असतं, त्याच पाण्यात तांबं आणून ठेवलं आणि कूलंट पातळ झालेलं असलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, नळी तर त्याहून नको. तिच्यावरचं जस्त कूलंटमध्ये सुटतं, त्याचा गाळ होतो आणि तो जाऊन बसतो हीटरच्या जाळीत.

बसवताना चार गोष्टी सांभाळा. सायलेन्सरच्या नळीपासून किमान वीतभर लांब. प्रॉपेलर शाफ्टच्या वाटेत अजिबात नाही. पट्ट्या रबर लावलेल्या. आणि पत्र्यातून नळी जाते त्या भोकाला रबराची कडी. होज चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल लावलंत तर ईपीडीएम रबर फुगून मऊ पडतं. नवी होज एकदा तापून गार झाली की रबर बसतं आणि क्लिप सैल पडते, म्हणून पहिल्या फेरीनंतर गार इंजिनवर प्रत्येक क्लिप अर्धा आटा फिरवायची. अर्धाच. जोर दाखवायला गेलात तर क्लिपच्या खाचांतून रबर शेवयांसारखं बाहेर येतं.

आणि इंजिनकडच्या बाजूला दोन्ही लाइनींवर पितळेचा एकेक बॉल व्हॉल्व्ह नक्की घाला. पुढे कधी घाटात मागे गळती झाली तर दोन खिट्ट्या फिरवायच्या आणि पुढे निघायचं. एरवीही, मे महिन्यात पलंगाखालून नव्वद अंशांचं पाणी फिरवत झोपायची हौस कोणाला? मागची लाइन पुढच्या हीटरच्या जोडीने टीवरून घेतलेली असेल तेव्हाच असं बंद करता येतं. कोणी एकाच वाटेत ओवून नेली असेल, तर व्हॉल्व्ह बंद केल्याने हीटरची सगळी वाट अडेल. बऱ्याच इंजिनांना ते चालत नाही, कारण थर्मोस्टॅट बंद असताना पाणी तिथूनच फिरतं.

त्या टाकीची मला जास्त काळजी वाटते

तुम्ही टाकीबद्दल काहीच विचारलं नाहीत, पण मी ते आधी विचारलं असतं. टाकीच्या पोटात धातूचं वेटोळं आहे. वेटोळ्यातून कूलंट जातं, बाहेर तुमचं आंघोळीचं पाणी. त्या वेटोळ्याला टाचणीएवढं भोक पडलं तर दाबाखालचं कूलंट तुमच्या पाण्यात उतरणार. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. तुम्ही त्या पाण्याने भांडी विसळता का? विसळत असाल तर तपासणी होईपर्यंत आजपासून बंद.

तपासणी अशी. टाकी पाण्याने काठोकाठ भरा. कूलंटच्या दोन्ही होज टाकीवरून काढा, एक तोंड बुजवा, दुसऱ्यावर होज लावून त्यातून सायकलच्या पंपाने कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्या. टाकीच्या वरच्या नळाला एक पारदर्शक नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या मगात बुडवून ठेवा. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बघतो तसं. पंधरा मिनिटांत मगात बुडबुडा आला तर टाकी भंगारात. डाग देत बसू नका. खरं सांगू? महाराष्ट्रात फिरायचं तर चुलीवर पातेलं पुरतं. पण स्पितीचं खूळ अजून असेल तर टाकी राहू द्या.

भरताना

तुमच्या गाडीत सगळं धरून बारा लिटर कूलंट आहे असं समजू. आठ वेळा अर्धा लिटर साधं पाणी घातलंत, म्हणजे निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण आता छत्तीस टक्क्यांच्या आसपास आलं. ऐरोलीत गोठायची भीती नाही, पण गंज रोखणारी रसायनंही त्याच मापाने पातळ झाली. शिवाय ते पाणी टँकरचं की बोअरवेलचं, कोण जाणे. म्हणून नुसती भर घालू नका. सगळं काढा, साध्या पाण्याने एकदा धुवा, मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. ते उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही, तेव्हा स्पितीचाही प्रश्न मिटला.

हवा काढणं हा निम्मा धंदा आहे. मागचा हीटर आणि टाकी ही लाइनीतली सगळ्यात लांबची टोकं, तिथे हवा दडून बसते. मग काटा उड्या मारतो, हीटर मध्येच गार येतो आणि माणसाला वाटतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची सांधपट्टी, गेलं. टी-थ्रीवाले यासाठी गाडीचं तोंड हातभर, साधारण चाळीस सेंटिमीटर उचलतात. तुम्हाला जॅक लावायची गरज नाही. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प आहे ना? दुपारी दोन वाजता, सगळ्या गाड्या कामावर गेलेल्या असताना, गाडी रॅम्पवर तोंड वर करून उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल. हँडब्रेक, चाकांमागे लाकडाचे ठोकळे आणि सेक्रेटरींना आधी सांगून. दोन्ही हीटर पूर्ण गरमवर, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. गार इंजिनात सावकाश भरा, इंजिन सुरू करा, आणि बुडबुडे थांबून मागच्या परतीच्या नळीला हात लावल्यावर ती पुढच्याइतकी गरम लागेपर्यंत थांबा. मग कॅप लावा.

त्या रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि प्रत्येक जोडावर रांगोळीची चिमूट भुरभुरा. सकाळी ओली रेघ कुठून निघाली ते पांढऱ्यावर लख्ख दिसतं. कोरडी असेल तर महापे, शिळफाटा करत मुंब्रा बायपासचा चढ एकदा चढून या, गार होऊ द्या, क्लिपा आवळा. त्यानंतर कसारा.

खर्च विचाराल. आकडा छापत नाही, कारण मागच्या वेळी छापला तर चार वाचक अंक घेऊन फॅब्रिकेटरशी भांडायला गेले. नळ्या, होज, दोन व्हॉल्व्ह, क्लिपा आणि दीड दिवसाची मजुरी असा हिशेब करून तीन ठिकाणी विचारा. मेकॅनिकचं ऐकून नुसतं पाणी घालत राहिला असतात तर मात्र हेड उघडायचा खर्च आला असता, त्याच्यापुढे हे किरकोळ.

प्रश्न : माझी जुनी जीप घाटात तापायची. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून फेकला आणि म्हणाला, आता कधीच तापणार नाही. बरोबर का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तापते का अजून? तेवढं लिहायचं राहिलं. बहुतेक तापतच असेल, कारण दुखणं रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा कॅपमध्ये होतं आणि फेकला त्याला, ज्याचा दोष नव्हता. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त खातं आणि आतली झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची दुसरी वाट बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं आणि गाडी आणखी तापते. नवा बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात टाका आणि उघडतो का ते डोळ्यांनी बघा. पातेलं घरातलं घेणार असाल तर परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

प्रश्न : गाडीत हिरवं कूलंट होतं, दुकानदाराने गुलाबी दिलं, मी भर घातली. आता रंग चहासारखा झालाय.
— एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : रंगाला काही कायदा नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं वेगळं असू शकतं आणि गुलाबी-हिरवं कधी एकच. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघून घ्यायचं. चहाचा रंग मात्र मिसळण्यानेही येतो आणि गंजानेही. कॅपच्या आतल्या रबरावर बोट फिरवा. तपकिरी चिखल लागला तर सगळं काढून, दोनदा धुऊन, नवीन भरा. वर तेलाचा तवंग दिसला तर गाडी चालवू नका, आधी हेड गॅस्केट तपासा.

प्रश्न : काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतलं तर चालतं का? पाणीच तर आहे.
— एक वाचक, कोपरी

उत्तर : नाही. वर लिहिलंच आहे, ते गोड लागतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांना पुरतं. फरशीवर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, त्यावर माती टाकून तसंच ठेवू नका. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात जळकं तेल मिसळू नका आणि जुनं तेल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा. शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. आमच्याकडे एका हेल्परने उन्हाळ्यात बाकावरची हिरवी बाटली सरबत समजून तोंडाला लावली होती. दोन घोट गेले. पहिले काही तास तो नुसता दारू प्यायल्यासारखा बरळत होता, म्हणून सगळे हसत होते. एका जुन्या ड्रायव्हरला शंका आली, त्याने बाटली हुंगली आणि त्याला बाटलीसकट रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. काय प्यायलाय ते डॉक्टरांना लगेच कळलं, म्हणून वाचला.